गुटगुटीत बाळही आतून उपाशी असू शकते

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. येरवड्याच्या एका वस्तीत लसीकरणाच्या दिवशी एक आजी नऊ महिन्यांचा नातू घेऊन आली. गोवराची लस द्यायची होती. "ताई, आमचा बाबू लई शांत हाय. रडत नाय, तरास देत नाय," आजी कौतुकाने सांगत होती. बाळ खरेच गुटगुटीत होते. गाल भरलेले, मनगटावर वळ्या. काट्यावर ठेवले तर वजन वयाला शोभेल असे. तक्त्यावर टिंब हिरव्या पट्ट्यात पडले आणि सगळ्यांचे लक्ष पुढच्या बाळाकडे गेले.

पण बाळ माझ्याकडे बघेना. चुटकी वाजवली, खुळखुळा हलवला, तरी नजर कुठेतरी भलतीकडेच. मान एका बाजूला कलत होती. आईला विचारले तर ती म्हणाली, पाचव्या महिन्यात तो खुदकन हसायचा, पालथा पडायचा. मग हळूहळू सगळे थांबले. मी त्याची मूठ उघडून पाहिली. बोटांची पेरे बाकी अंगापेक्षा गडद, काळपट. केस विरळ आणि तपकिरी. गल्लीतल्या एका डॉक्टरांनी टॉनिकची बाटली देऊन "काही मुलं सुस्तच असतात" असे सांगितले होते.

भगिनींनो, "शांत बाळ" हा शब्द आपल्याकडे कौतुकाचा आहे. मी मात्र तो ऐकला की आधी बाळाची बोटे बघते. शांत असणे वेगळे आणि बाळ आधी जे करत होते ते करेनासे होणे वेगळे. त्या बाळाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत पाठवले. रक्त तपासले तेव्हा बी-१२ नावाचे जीवनसत्त्व जवळपास संपलेले निघाले. मी आईचेही रक्त तपासायला लावले. तिचेही तसेच.

हा आजार नवा नाही. १९६२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच बाळांचे वर्णन छापले. जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर अशी ती नावे. बाळे अंगावर पिणारी, वरून बरी दिसणारी, पण मलूल. हातापायांवर काळपट डाग, शिकलेले विसरत चाललेली, काहींचे हातपाय थरथरणारे. त्यांच्या आयांच्या अंगातच बी-१२ नव्हते, म्हणून दुधात नव्हते. बी-१२ दिल्यावर बाळे सुधारली. याला साठ वर्षे उलटून गेली, तरी वस्तीतल्या बाळाला अजून टॉनिकच मिळते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर माझ्या लेखाचा उलटा अर्थ निघेल. आईचे दूध वाईट नाही. पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध, पाणीसुद्धा नाही, गुटी नाही, ग्राइपवॉटर नाही. पावडरच्या डब्याच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. दूध कमी पडत नाही, आईचे ताट कमी पडते. आईचे बी-१२ भरून काढले की दुधातले भरते.

बी-१२ भाजीत नसते, डाळीत नसते, धान्यात नसते. ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत येते ते कलेजी, मटण, मासे, अंडी आणि काही प्रमाणात दूध-दही यांतून. रोज लागते अगदी चिमटीच्याही लाखाव्या भागाइतके, पण तेवढेही मिळाले नाही तर रक्त बनत नाही आणि बाळाचा मेंदू वाढीच्या ऐन काळात अडकतो.

याबाबत जगाला शिकवणारे काम आपल्या पुण्यात झाले आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा अभ्यास सुरू केला. बाई गरोदर राहण्याआधीपासून नोंदी, मग गरोदरपण, मग बाळ, मग ते बाळ मोठे होईपर्यंत. त्यात दिसले की सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायांच्या रक्तात बी-१२ कमी होते. फॉलिक अॅसिड मात्र जवळजवळ कुणालाच कमी नव्हते. आणि ज्या आयांमध्ये फॉलिक अॅसिड भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे जास्त सापडली. त्याच अभ्यासात आणखी एक साधी गोष्ट निघाली: ज्या बाया गरोदरपणी पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळे जन्मताना जास्त भरलेली होती.

आता आपल्याला मिळणारी लाल गोळी आठवा. तिच्यात लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक अॅसिड ५०० मायक्रोग्रॅम. बी-१२ नाही. या फॉलिक अॅसिडचा शोधही आपल्याच राज्यात लागला म्हणायला हरकत नाही. १९२८ पासून पुढची काही वर्षे लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार बायांच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होत्या. यीस्टपासून बनवलेल्या काळ्या, खारट मारमाइटने त्या बाया बऱ्या होतात हे त्यांनी दाखवले, आणि त्यात जे औषधी तत्त्व होते ते पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेले. गरीब कामगार बायांच्या रक्तावरून शिकलेले गोळीत आले. पुण्याच्या बायांच्या रक्तावरून शिकलेले अजून त्या गोळीत यायचे आहे. गोळी सोडू नका, ती घ्याच. पण तिच्या भरवशावर राहू नका. गरोदरपणी एकदा बी-१२ ची तपासणी होईल का, हे डॉक्टरांना तोंड उघडून विचारा.

पुण्यातलाच दुसरा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. १०० पैकी ६७ जणांत बी-१२ कमी होते. पण मध्यमवर्गीयांत हा आकडा ८१ होता. मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी माणसांना ही कमतरता असण्याचा धोका चार पटींहून जास्त. मी हा आकडा वस्तीतल्या बैठकीत सांगते तेव्हा बाया आधी हसतात, मग गप्प होतात. कारण ज्या ताटाला नाक मुरडले गेले त्याच ताटात हे जीवनसत्त्व होते.

वजडी, कलेजी, रक्ती, मुंडी, पाया, चान्या, सुकट, बोंबील. आपल्या आज्यांनी यावर घरे जगवली. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलित घरांतल्या खाण्याच्या आठवणींचे पुस्तक काढले, शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. लिहिणाऱ्यांनी लिहिले. पण घरात काय झाले? फ्लॅटमध्ये भाड्याने राहायला गेलेली सून सुकट भाजत नाही, वास गेला तर शेजारी विचारतील म्हणून. शाळेच्या डब्यात अंडे देत नाही. आणि बाळाच्या वाटीत तर ते कधी पडतच नाही, कारण बाळाला "हलके, स्वच्छ" द्यायचे, म्हणजे भाताची पेज, डाळीचे पाणी आणि चहात बुडवलेले बिस्कीट. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा वस्तीला परवडणारे एक मांसही ताटातून गेले. ते आपल्या हातात नव्हते. कलेजी आणि अंडे मात्र आहे.

काही घरे वर्षावासाच्या तीन महिन्यांत मांसाहार सोडतात. तो प्रत्येकाचा निर्णय आहे आणि त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण घरात गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई किंवा दोन वर्षांच्या आतले मूल असेल तर नेम त्यांच्यावर लादू नका. आईला स्वतःलाच पाळायचे असेल तर रोज दूध-दही आणि डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी. हे नेहमीच शाकाहारी असणाऱ्यांनाही लागू.

आता लोहाकडे वळते, कारण बी-१२ पेक्षाही जास्त बाळे लोहाअभावी फिकी पडतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांत रक्त कमी आढळले. आधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा ५४ च्या आसपास होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. त्याच पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी शंभरात जेमतेम नऊ.

बाळ जन्माला येताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते. ती साधारण सहा महिने पुरते. आईलाच रक्त कमी असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, तर शिदोरी आधीच संपते. अशा बाळाला सहा महिन्यांची वाट न पाहता लोहाचे थेंब लागतात का, हे डॉक्टरांना विचारायला हवे. शिदोरीतला एक वाटा नाळेतून शेवटच्या मिनिटात येतो. मी नर्स म्हणून काम करत होते त्या काळात बाळ बाहेर आले की लगेच चिमटा लावून नाळ कापायची घाई आम्हीही करायचो, तसेच शिकवले होते. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळ ठीक असेल तर किमान एक मिनिट थांबा. प्रसूतीला जाताना नर्सताईंना हे आठवण करून द्यायला लाजू नका. चांगली नर्स रागावणार नाही.

सहा महिने पूर्ण झाले की वाटी सुरू. आणि इथेच आपले चुकते. आपला ठाम विश्वास आहे की ताकद रश्श्यात उतरते. डाळीचे पाणी, पायाचा रस, मटणाचे सूप. उतरते ती चव. लोह राहते डाळीत आणि मटणाच्या फोडीत, आणि ती फोड बाप खातो. पायाच्या रश्श्यात हाडांचे कॅल्शियमसुद्धा आपण समजतो तेवढे उतरत नाही. बाळाला पाणी नको, घट्ट डाळ द्या. चमचा उलटा केला तर पटकन गळून पडणार नाही इतकी घट्ट.

कलेजीचे मी वस्तीत करून दाखवते ते असे. कोंबडीची ताजी कलेजी दोन फोडी, स्वच्छ धुऊन, कुकरमध्ये पूर्ण शिजवायची. आतून गुलाबी राहता कामा नये. मग हाताने कुस्करून मऊ भातात किंवा नाचणीच्या लापशीत कालवायची. मीठ नाही, तिखट नाही, चमचाभर तेल किंवा तूप. सुरुवातीला अर्धा चमचा, दोन-तीन दिवस बाळाच्या अंगावर पुरळ, उलटी काही येते का बघा, मग वाढवा. आठवड्यातून एकदा पुरे. कलेजीत अ जीवनसत्त्व इतके असते की रोज देणे बरे नाही, आणि त्याच कारणाने गरोदर बाईनेही ती वरचेवर खाऊ नये. कोंबडीच्या दुकानात कलेजी बहुतेक वेळा मटणापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. रक्ती मात्र बाळाला नको, ती मोठ्यांसाठी, तीही ताजी आणि नीट शिजलेली.

अंडे सहा महिन्यांनंतर पूर्ण उकडून, आधी थोडे, मग सगळे. अंड्यात बी-१२ आणि प्रथिने चांगली, लोह मात्र अंगाला फारसे लागत नाही; म्हणून अंडे दिले की झाले असे नाही. जवळा असेल तर वाळू निघेपर्यंत धुऊन, वाळवून, भाजून त्याची पूड चिमूटभर. खारवलेला सुका मासा एक वर्षाच्या आत नको. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. तिला मोड आणून, वाळवून दळली तर तिच्यातले लोह अंगाला जास्त लागते. डाळ-भाजीवर लिंबाचे दोन थेंब पिळले, नाहीतर जेवणानंतर पिकल्या पेरूचा बिया काढलेला गर दिला, तरी तोच फायदा. भाजी लोखंडी कढईत करा. जेवणाबरोबर चहा नाही. खरे तर बाळाला चहा कधीच नाही, पण मला माहीत आहे, सकाळी कामावर जायच्या घाईत बशीतले बिस्कीट बाळाच्या हातात जाते आणि ते गप्प बसते. आजी, निदान हे लक्षात ठेवा की चहा जेवणातले लोह बांधून ठेवतो. एक वर्षाच्या आत वरचे गाई-म्हशीचे दूध हेच मुख्य अन्न झाले तरी रक्त कमी होते.

सरकारी लोहाचे सरबत हक्काचे आहे. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर, त्यात लोह २० मिलिग्रॅम. बाटली ५० मिलिलिटरची असते आणि आशाताईंकडे मागायची. खाल्ल्यानंतर द्या, दुधाबरोबर नको. शी काळी होते, घाबरू नका. ताप असेल त्या दिवशी थांबा. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. एखाद्या मुलाने ती गोड म्हणून सगळी प्यायली तर जिवावर बेतते.

विदर्भातून पुण्यात आलेल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. आपल्या समाजात तिकडे सिकलसेल बराच आढळतो. दोन-तीन महिने लोह देऊनही बाळाचे रक्त वाढत नसेल, हातापायाची बोटे सुजून दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर लोहावर लोह देत बसू नका. सिकलसेलची तपासणी करून घ्या, शक्य तर आई-बाबांचीही. २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे.

ड जीवनसत्त्वाचे दुखणे वस्तीच्या रचनेतच आहे. दहा बाय दहाची खोली, समोर तीन फुटांची गल्ली, वर पत्रे. ऊन येणार कुठून? आई कामाला गेली की बाळ दिवसभर आत. बाळाला सकाळी सात वाजता कोवळ्या उन्हात धरायची आपली पद्धत चांगली आहे, पण त्या उन्हात ड जीवनसत्त्व फार कमी बनते. आणि ज्या उन्हात बनते ते दुपारचे पुण्याचे ऊन तान्ह्या बाळाला सोसत नाही. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्या. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती युनिट हे वाचून घ्या, प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. दामदुप्पट देऊ नका, जास्त झालेले ड मूत्रपिंडाला बाधते. टाळू उशिरापर्यंत न भरणे, मनगट रुंद होणे, चालायला लागल्यावर पाय वाकणे ही मुडदुसाची चिन्हे. पुण्यातल्या जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेने तर गरीब घरांतल्या लहान मुलांना कॅल्शियम आणि ड घातलेले लाडू देऊन पाहिले होते. औषध लाडवातूनही जाऊ शकते.

अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्याच्या गोवराच्या लसीबरोबर, १ लाख युनिट, आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. एकूण नऊ डोस. कार्डावर मोजून बघा, बहुतेक कार्डांवर दोन-तीनच खुणा दिसतात. जुलाब झाले की ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या चौदा दिवस द्यायच्या. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस.

राहिला प्रश्न अंगणवाडीचा. आदिवासी भागांतल्या सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी मिळतात. पुणे शहरातल्या वस्तीच्या बाळाला ती योजना लागू नाही, त्याला घरपोच आहाराचे पाकीट. शाळेत २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, तर २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यासाठीचे पैसेच काढून घेतले. वस्तीतल्या महिला मंडळांनी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांकडे लेखी मागणी द्यावी, प्रत नगरसेवकाला आणि महिला व बालविकास आयुक्तालयाला. आयुक्तालय पुण्यातच आहे, लांब जायला नको. अर्जात भावना कमी आणि वर दिलेले आकडे जास्त लिहा.

त्या येरवड्याच्या बाळाला बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. चौथ्या दिवशी त्याने आईच्या चेहऱ्याकडे बघितले. आठवड्याभरात मात्र हात थरथरायला लागले आणि आजी घाबरून धावत आली, "औषधानं पोर बिघडलं." उपचार सुरू झाल्यावर काही बाळांत अशी थरथर येते आणि काही आठवड्यांत जाते, हे डॉक्टरांनी समजावले, आणि ती गेलीही. बोटांचा काळपटपणा जायला दोन महिने लागले. चालायला तो उशिराच लागला, दीड वर्षाचा होऊन गेल्यावर, आणि बोलण्यात अजून मागे आहे. कमला नेहरू रुग्णालयात त्याला तपासणीला नेतात. आईलाही इंजेक्शने दिली. परवा भेटले तेव्हा आजी त्याच्यासाठी कलेजी कुस्करत होती आणि मला म्हणाली, "ताई, ह्यो आता लई दंगा करतोय."